व्याह्यांचं थरथरतं हेलिकॉप्टर

आमच्या व्याह्यांइतकं ग्रीस लावणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. माझ्या सुनेचे ते वडील. एसटीत मेकॅनिक होते. बायको गेल्यापासून कुरुंद्याला आमच्याकडेच राहतात. नोकरी सुटली, बोटाचं ग्रीस सुटलं नाही. दाराच्या बिजागऱ्या, छत्रीच्या काड्या, माझ्या चष्म्याची दांडी, हात पोचेल तिथं लावतात. आल्या दिवशीच विळीच्या खिळ्याला लावलं, दोन दिवस भाजीला वास येत होता. मी बोलले तर म्हणाले, "इनबाई, लोखंड बोलत न्हाई म्हणून त्याला तकलीफ होत न्हाई व्हय?"

त्यांचा दुसरा नाद म्हणजे रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर. खेळणं म्हटलेलं त्यांना चालत नाही. हळद वाळवायच्या पटांगणात ते उडवतात, आणि पाय असे रोवून उभे राहतात की जणू आत माणसं बसली आहेत.

यंदा ते यंत्र जमिनीवरच थरथरायला लागलं. एकदा आडवं पडलं, पंख्याचं पातं तुटलं आणि तुकडा वाळत घातलेल्या साडीतून आरपार गेला. सून म्हणाली, "बाबा, साडीच्या जागी लेकरू असतं तर? आता एक डाव जरी पडलं, तर भंगारात देते."  रात्री त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. त्यांना दुसरा विरंगुळा नाही, एवढं मलाही कळत होतं.

मग आठ दिवस तपासणी चालली. पंख्याची पाती सोनाराच्या काट्यावर तोलून आणली. मधली दांडी माझ्या आरशावर लोळवून पाहिली. दांडी सरळ निघाली, आरसा माखला. त्या दांडीभोवती रबराच्या बारीक कड्या असतात, त्यांना डॅम्पर म्हणतात. पंख्याचे धक्के त्या खातात. त्या नव्या बसवल्या. दोन दिवस बरं, परत थरथर. परत नव्या, परत तेच.

"माल नकली येऊन राहिला," ते म्हणाले.

मी शेजारी शेंगा फोडत होते. बघते तर प्रत्येक नवी कडी आधी ग्रीसच्या डबीत बुडत होती.

"इवाई, हे काय करून राहिले तुमी?"

"सुकं बसवून कसं चालंल?"

"कुकरच्या रिंगला तेल लागलं की ती फुगती, ढिली पडती. रबर हाय ते. एसटीचं बेरिंग न्हाई."

त्यांनी काढलेली कडी नव्या कडीशेजारी ठेवली. काढलेली फुगून मऊ झाली होती. दोन्ही बोटांनी दाबून बघितल्या. "जलम गेला माझा ग्रीस लावण्यात," एवढंच म्हणाले. मग सगळं पुसून कोरड्या कड्या बसवल्या.

उडवायच्या वेळी सून कमरेवर हात ठेवून उभी होती. यंत्र छातीएवढं वर गेलं आणि टांगून ठेवल्यासारखं स्थिर राहिलं. सून यंत्राकडे कमी आणि बापाच्या तोंडाकडे जास्त बघत होती. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पण आत्याबाई जवळ बसल्या तरच उडवायचं." आत्याबाई म्हणजे मी, पण मला कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी पटांगणात खुर्ची टाकून बसते. यंत्र नीट उडतं. आता त्यांची नजरच कमी झाली आहे. जरा लांब गेलं की त्याचं तोंड कुठं, शेपूट कुठं, त्यांना कळत नाही. हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही. मीही नाही. फक्त यंत्र पटांगणाच्या कडेच्या विहिरीपलीकडे जाऊ देत नाही.

"इनबाई, तोंड कुणीकडं हाय?"

"आपल्याकडं."

"बराबर बघितलं ना?"

"बघितलं. आणा हळूच."