निळी पिकअप आणि अक्काचं वजन

सिमेंटच्या टाक्या ओतण्यात टाकीवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्या पोचवायच्या म्हटलं की टेम्पोवाले कानाला खडा लावायचे. "तुझा माल? नको रे बाबा, गेल्या वेळी स्प्रिंगचे पाटे मोडले माझे!" तयार टाक्या दारात तशाच पडून राहायच्या आणि वाट बघून गिऱ्हाईक दुसरीकडे जायचं. शेवटी वैतागून त्यानं ठरवलं, आपली स्वतःची पिकअप घ्यायची.

पसंत पडली ती निळी. तिच्याहून मोठी गाडी त्याच्या गल्लीत वळलीच नसती, म्हणजे ही नाहीतर कुठलीच नाही. शोरूमवाला म्हणाला, "बाराशे किलो डोळे झाकून टाका." पण टाकीवाला कसला डोळे झाकतोय! "आधी भरून दाखवा," म्हणाला. नव्या कोऱ्या हौद्यात सिमेंट चढवायला शोरूमवाला काही केल्या तयार होईना.

"बरं, माणसं चालतील?"

"चालतील की," शोरूमवाला हसत म्हणाला. त्याला काय माहीत, या गड्याचं गणगोत केवढं!

दुसऱ्या दिवशी सतरा जणांची फौज शोरूमच्या आवारात हजर. मेहुणे, साडू, काकू, मावश्या, विहीणबाई, सगळे. प्रत्येकानं वजन सांगायचं आणि हौद्यात चढायचं. विहीणबाई म्हणाल्या साठ. साडू पोट आत ओढून म्हणाला सत्तर. शेवटी आली थोरली बहीण, अक्का. आईमागे हिनंच त्याला वाढवलं होतं. शिवणकाम करून तिनं साऱ्या जगाची मापं घेतली, पण स्वतःचं माप नवऱ्यालाही कळू दिलं नाही. "पंचावन्न," अक्का म्हणाली, आणि तिला वर घ्यायला तिघं लागले.

बेरीज झाली नऊशे ऐंशी. टाकीवाल्यानं पालथं पडून गाडीखाली पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. पाटे जवळपास सपाट झाले होते.

"हजारसुद्धा भरले नाहीत तर ही अवस्था! नको साहेब, राहू द्या."

कपडे झटकत तो उठला. इतकं हिरमुसलेलं त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. हौद्यात साडू उगाच आभाळाकडे बघू लागला, विहीणबाई पदराशी चाळा करू लागल्या.

अक्कानं भावाकडे पाहिलं आणि तिचं आतडं तुटलं.

"थांब रे!" ती ओरडली. "त्र्याऐंशी! माझं वजन त्र्याऐंशी आहे. ऐका सगळ्यांनी!"

मग साडूनं पोट सोडलं. "माझे शंभर धरा." "माझे वीस वाढवा हो," विहीणबाई पुटपुटल्या. मग काय, एकेकाला कंठच फुटला. टाकीवाला जोडतोय आणि हसतोय, हसतोय आणि पुन्हा चुकून पहिल्यापासून जोडतोय. बेरीज तेराशेच्या वर गेली. बिचारी गाडी केव्हाची जादा ओझं घेऊन मुकाट उभी होती!

"हीच गाडी!" असं म्हणत तो धावत अक्कापाशी गेला. आनंदानं त्याचे डोळे भरून आले होते. "अक्का, माझ्यासाठी चारचौघांत सांगितलंस?"

"मग काय तुझी गाडी घालवू? डोळे पूस आणि मला उतरव आधी."

त्यानं तिला दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिला. "अक्के, टाक्या उचलण्यात जन्म गेला माझा. नव्वदच्या खाली नाहीस तू."

अक्कानं इकडेतिकडे पाहिलं. "गाडी पक्की झाली ना?"

"पक्की."

"मग नव्वद तर नव्वद," अक्का म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी तीच हसायला लागली.