गुपचुप फोडून खाणारा माणूस

काही घरांत पितळेची भांडी साठतात, आमच्या घरी किस्से साठतात. एक घासूनपुसून ठेवावा तर दुसरा दारात हजर! माझ्या सासूबाई साकोलीजवळच्या आमच्या गावात आशाताई आहेत, म्हणजे घरोघर तब्येती तपासत फिरणाऱ्या आरोग्य-सेविका. मी या घरात नवी, त्यात बोलते कमी; त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळतो.

पहिला किस्सा माझ्याच लग्नातला. माझे काका गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून फोटोसाठी स्टेजवर आले. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, शालू सावरत मोबाईलचा टॉर्च लावला आणि व्याह्यांना फर्मावलं,
"इवाई, थुंकून या. आता आ करा!"
फोटोग्राफरने तेवढ्यात क्लिक केलं. अल्बममध्ये आम्ही दोघं मागे आहोत, आणि समोर काकांचा जबडा. फोटो सुंदर आलाय!

पाणीपुरीला आमच्याकडे गुपचुप म्हणतात. बाजारात एक पोरगा गुपचुप फोडून अर्धी-अर्धी खात होता.
"बापू, काहून फोडून खाऊन राहिला?"
"मोठी हाय, मावशी."
"गुपचुप तेवढीच हाय. खर्रा खाऊन तोंड लहान झालं तुहं! तीन बोटं उभी जातात का पाह्य."
पोरगा रागावून गेला. आठवड्याने घरी आला आणि दारातूनच म्हणाला, "मावशी, दोनच जातात." आईंनी चहासुद्धा न देता त्याला दवाखान्यात नेलं.

गुपचुपवाला मात्र चिडला. "मावशी, ठेल्यावर नको येत जाऊ. गिऱ्हाईक भेतात!"
पुढच्याच बाजारी रस्त्यापलीकडून त्याची हाक आली, "मावशी, लवकर ये! हा बी फोडून खाऊन राहिला!"

शेजारच्या काकूंच्या जिभेला पोळ्याच्या सणापासून फोड होता. दिवाळी आली तरी त्या म्हणायच्या, "जाईल ना, बाई."
आई म्हणाल्या, "दोन-तीन आठवड्यांत गेला त पाहुणा. नाही गेला त तो कब्जा करून राहिला!"
काकू त्याच दिवशी तपासून आल्या. किडक्या दाताने घासत होतं. दात काढला, फोड गेला. आईंना कोण आनंद! मला वाटलं, बारसं आहे की काय.

आणि मग मामाजी, माझे सासरे. गावभर टॉर्च फिरला, पण ते आईंसमोर आ करेनात. "मी काय तुहा पेशंट हाओ?"
जेवायचे आई कामावर गेल्यावर, वाढायची मी. "सूनबाई, तिखट कमी टाकत जा." मी कमी केलं. मग टाकलंच नाही. तरी ते म्हणाले, "झोंबून राहिलं."
त्या संध्याकाळी मी आईंना म्हटलं, "आई, आजच्या वरणात मिरचीच नव्हती."
आईंनी हातातलं भांडं ठेवलं, टॉर्च उचलला आणि मामाजींना आ करायलाच लावलं.
गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या घरात एकही किस्सा झाला नाही.
डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर नाही, पण त्याच वाटेवर होता. वेळेत आणलंत. खर्रा आजपासून बंद."
मामाजींनी खिशातली पुडी काढून कचऱ्यात टाकली. बाहेर बायांच्या तपासणीची रांग होती, छातीची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची. मामाजी तिथे थबकले.
"तू कधी केली वं हे तपासणी?"
आई त्यांच्या गोळ्या पिशवीत भरत राहिल्या.
मामाजी सरळ जाऊन रांगेत उभे राहिले. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "काकाजी, हे बायांची लाईन हाय!"
"मालूम हाय. बुढीसाठी नंबर धरून राहिलो."
आणि माझ्या सासूबाई, साऱ्या गावाच्या आशाताई, माझ्या मागे लपत म्हणाल्या,
"मले कायले? मले त काहीच दुखत नाही!"