चंदनाखालची मुद्रा

आयुष्यात एकही गोळी न झाडता अख्ख्या कुंभकोणमला धाकात ठेवणारा माणूस एकच, आणि तो माझा थोरला दीर आहे. कालवे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेल्या या सडपातळ माणसाच्या बैठकीत भिंतीला लावून पाच जुन्या लष्करी बंदुका उभ्या आहेत. एक पेटत्या वातीने उडवायची तोड्याची, तीन गारेच्या ठिणगीवर उडणाऱ्या चकमकीच्या आणि एक स्फोटक टोपीची. पाचही निकामी असल्याचा सरकारी कागद भावोजींकडे आहे, पण तो ते कुणाला दाखवत नाहीत, कारण त्यातला ‘निकामी’ हा शब्द त्यांना सोसत नाही. पाहुण्याने कौतुकाने एखादी बंदूक उचलली आणि तिचं तोंड जरा माणसांकडे वळलं, की भावोजी गरजतात, “नळी जमिनीकडे!” मग तो पाहुणा बँकेचा मॅनेजर असो की व्याही. दोनशे वर्षांत तिच्यात दारू पडलेली नाही, असं मी एकदा म्हणाले. “हें तुला ठाऊक, मला ठाऊक. बंदुकीला कोठे ठाऊक आहे?” असं उत्तर मिळालं. घरात आम्ही बोलतो ती तंजावरची जुनी मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसतात, पण भावोजींच्या तोंडून ती आली की हसायची छाती होत नाही.

माझं औषधांचं दुकान आहे. भावोजी तिथून जेवढा कापूस आणि गॉझ नेतात तेवढा गावातलं कुठलंही नर्सिंग होम नेत नाही. गजाला कापूस गुंडाळून नळी आतून पुसायची, मग बाहेर काढून तो कापूस उजेडात धरून बघायचा, अगदी डॉक्टर रिपोर्ट बघतात तसा. चोळपुरमला एका घरी लग्नाचं बोलावणं द्यायला गेले, तर तिथली बाई चुलीत फुंकत होती ती फुंकणी म्हणजे बंदुकीची नळी आहे, हे यांनी अंगणातूनच ओळखलं. बाईला नळी द्यायची नव्हती. भावोजी घरी आले, स्वयंपाकघरातला मिक्सर उचलला आणि तिला नेऊन दिला. जाऊबाईंनी महिनाभर चटणी पाट्यावर वाटली आणि रोज वाटताना, “आयुध आणलें हो यांनी!” असं सगळ्या गल्लीला ऐकवलं. निवडणूक जाहीर झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. यांच्याकडे कुणी मागितल्या नव्हत्या, तरी हे रिक्षात पाचही घालून गेले. इन्स्पेक्टर हसून म्हणाला, “रायर सार, ह्या तुप्पाकी नाहीत, ह्या आजीबाई आहेत. घरी न्या.” बंदुका परत मिळाल्या म्हणून दुसरा कुणी खूश झाला असता. भावोजी दोन दिवस जेवले नाहीत.

या पाचांमध्ये चकमकीची सर्वांत लांब बंदूक ही घराण्याची. आमचा मूळपुरुष साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर तंजावरला आला तो हिला खांद्यावर टाकून, ही गोष्ट भावोजींची मोठी बहीण, आमची अक्का, दर आयुधपूजेला सांगते. आयुधपूजा म्हणजे तुमच्याकडची खंडेनवमी. त्या दिवशी, नवरात्रात पायऱ्यांवर मांडतात त्या गोलूच्या बाहुल्यांशेजारी पाटावर बंदुका मांडतात, आडुतुरैपासून चेन्नईपर्यंतचे चाळीसेक नातलग जमतात आणि अक्काची गोष्ट झाल्याशिवाय कुणाला सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, मिळत नाही. मूळपुरुषाच्या बंदुकीला घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर चंदन लावायचं, आणि आधीचं पुसायचं नाही, कारण तो देवीचा प्रसाद. पिढ्यान्‌पिढ्या चंदनावर चंदन चढून तिथे बोटभर जाड खपली झाली होती. बाकी चार बंदुकांचा स्क्रू न्‌ स्क्रू जाणणारे भावोजी त्या खपलीला कधी हात लावत नसत. जगात ते फक्त अक्काला भितात.

तीन वर्षांपूर्वी भावोजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी चंदन लावायचं काम माझ्याकडे आलं. आता मी आयुष्यभर जखमा बांधणाऱ्यांना सामान विकलेलं. वर काही लावायचं तर आधी खालचं साफ करायचं, एवढंच मला कळतं. कोमट पाण्यात कापूस भिजवला आणि घासलं. खपली सुटून हातात आली. खाली एक मुकुट होता, आणि त्याच्या शेजारी इंग्रजी अक्षरं.

भावोजींनी भिंग मागवलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्याने पाहिलं. भिंग बाजूला ठेवून म्हणाले, “इंग्रजी फौजेची आहे गे. आपल्या पुरुषाच्या मागाहून शंभर वर्षांची.”

मी म्हटलं, “चंदन उगाळलेलंच आहे. परत थापते. कोण बघतंय?”

“मी पाहिलें ना.”

“अक्का ब्याऐंशी वर्षांची आहे, भावोजी. उद्या चाळीस माणसांसमोर तिची गोष्ट मोडणार तुम्ही?”

त्यांनी बंदूक उचलून पाटावर तिच्या जागी ठेवली. मला वाटलं, शहाणपणा सुचला.

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. अक्काने पदर सावरून सुरुवात करायला तोंड उघडलं, तोच भावोजी उठून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुकुट दाखवला. वर हेही सांगितलं की चकमकीचा घोडा त्या काळी आपल्या लोकांकडे नव्हता, हे त्यांना चाळीस वर्षं ठाऊक होतं. तो मागाहून बसवला असेल, अशी ते स्वतःची समजूत घालत आले. “जाणून डोळे मिटले, तो दोष माझा,” म्हणाले.

अक्काचा चेहरा मला बघवेना. “म्हणजे मी इतकी वर्षे खोटें सांगत आलें काय रे?”

“खोटें नव्हे अक्का. तूं ऐकलेलें सांगितलेंस. मी पाहिलेलें सांगतों.”

मग चेन्नईच्या जावयाला स्फुरण चढलं. “अहो, म्हणजे आपल्या माणसाने गोऱ्याच्या हातून हिसकावून आणली!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कासुद्धा ताठ बसली. ही गोष्ट तर आधीच्याहून झकास होती. भावोजींनी नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात त्यांना म्हणा, म्हणा, असं विनवत होते.

“आणलीही असेल,” भावोजी म्हणाले. “पण तसें कोठे लिहिलेलें नाही.”

टाळ्या थांबल्या. अक्का सुंडल न घेता घरी गेली. मला त्यांचा राग आला होता, आणि त्याच वेळी या घरात सून म्हणून आल्याचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. हे मी त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी पुरावा मागितला असता.

पुढची दोन वर्षं आयुधपूजेला अक्का आली नाही. नातलगही रोडावले, गोष्ट नाही तर कोण प्रवास करतो? भावोजी दर शुक्रवारी अक्काच्या ओट्यावर जाऊन बसत. ती आतून काफी पाठवी, स्वतः येत नसे. पाचही बंदुका मात्र दर नवमीला पाटावर मांडल्या जात, आणि ती लांब बंदूकही तिच्या जागी.

यंदा आम्ही घरचेच सहाजण होतो. आरती व्हायच्या बेतात अक्का काठी टेकत आली. कुणाशी बोलली नाही. पाटासमोर बसून तो मुकुट तिने बोटाने चाचपला.

“ज्याच्या खांद्यावर ही होती, त्या शिपायाचें नांव काय रे?”

“ठाऊक नाही अक्का.”

“गांव?”

“तेंही नाही.”

“एवढ्या दूर आला. घरी परत गेला की नाही?”

प्रत्येक स्क्रूचा इतिहास सांगणाऱ्या माझ्या थोरल्या दिराने चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्का उत्तराची वाट बघत बसून राहिली. आरतीचं तबक तसंच थांबलं होतं. यंदाची गोष्ट झाली असं मी धरलं, उठले आणि सुंडल वाढायला घेतलं, पहिली वाटी अक्काच्या हातात दिली. तिने ती घेतली.