रात्री बांगडा बंद

"आधी पथ्य, मग गोळी." लाल कागदाची पुडी मुठीत धरून ठेवायची आणि पेशंटने पथ्य मोठ्याने म्हणून दाखवल्यावरच मूठ उघडायची, ही वाकोल्याच्या आमच्या डॉक्टरीणबाईंची सवय. अशी मूठ तुमच्याही ओळखीची असेल.

हे त्यांना शिकवलं माझ्या बाबांनी. संपानंतर गिरणी उघडलीच नाही. आयुष्यभर रातपाळी केलेल्या बाबांना रात्री झोप लागेना. दुसऱ्या एका डॉक्टरच्या झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि सकाळी हात थरथरू लागले. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे कापायच्या मशीनवर नवं काम लागलं होतं. त्या मशीनवर पेंगणाऱ्याची बोटं राहत नाहीत.

बाईंनी जुन्या गोळ्या हळूहळू कमी करत सोडवल्या आणि एक नवी दिली.

"पथ्य काय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही, तात्या."

बाहेर येऊन बाबा मला म्हणाले, "पथ्य नाय, ता औषध कसला?" आणि गोळी घेऊनही छताकडे बघत पडून राहिले.

पुढच्या खेपेला बाईंनी तीच गोळी लाल कागदात बांधली. "ही फार कडक आहे. रात्री बांगडा बंद!"

मालवणी माणसाचा बांगडा बंद करणारं औषध साधं असूच शकत नाही. बाबा घोरू लागले.

मी तेव्हा अंधश्रद्धेविरुद्धच्या चळवळीत होते. बुवांच्या अंगाऱ्याविरुद्ध स्वतः लिहिलेली पत्रकं स्टेशनबाहेर वाटत होते. एक दिवस पाहिलं, तर लाल कागदातली गोळी आणि आईची हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी सख्ख्या बहिणी! तशीच दवाखान्यात गेले.

"बाई, ही फसवणूक आहे."

"आहे."

"मग बुवात आणि तुमच्यात फरक काय?"

"बुवा पैसे जास्त घेतो," बाई हसल्या. मी हसले नाही. मग त्याही गंभीर झाल्या. "अगं, सांगितलं आणि झोप उडाली तर? बोटं त्यांची जातील, तुझी नाही."

"म्हणूनच त्यांना कळायला हवं. गिरणीतही सगळं त्यांच्या माघारी ठरलं. गरिबाला खरं पेलत नाही, हे तुम्ही कोण ठरवणार?"

बाईंनी स्टेथोस्कोप काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "घेऊन ये त्यांना. मी सांगते."

त्यांनीच सांगितलं. गोळीत झोपेचं काही नाही, कधीच नव्हतं. बाबांनी खिशातली लाल पुडी काढून गोळी निरखून पाहिली.

"म्हणजे मी माझो मीच झोपलंय?"

"तुम्हीच."

"आणि बांगडो?"

"खा की."

बाबा उसळले. "मगे इतके दिवस माझो बांगडो फुकट बंद केल्यात?"

बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आईने त्या रात्री बांगडे तळले, आणि बाबा जेवून झोपले. पुढेही एखादी रात्र झोपेविना जायची, पण त्या जुन्या गोळ्यांकडे ते वळले नाहीत. बोटं दहाच्या दहा राहिली.

लाल पुडी बाईंनी सोडली नाही, पण तिच्याबरोबर एक वाक्य जोडलं. "गोळी साधी आहे हं. झोप तुमचीच आहे, पथ्य तेवढं पाळा." मला वाटलं होतं, आता कोण घेईल? लोक घेत होते. कित्येकांना झोपही लागत होती. मला पाहिलं की बाई रांगेसमोर म्हणायच्या, "ही माझी इन्स्पेक्टर." माझं पत्रक त्यांनी वजनकाट्याच्या वर चिकटवलं होतं, आणि त्यातली ऱ्हस्वदीर्घाची चूक पेनने सुधारली होती.

मी अजूनही म्हणते, खोटं सांगून दिलेला आराम हा उपकार नाही. फक्त आता हे म्हणताना बाईंचं हसू आणि ती मिटलेली मूठ आठवते.

बाई गेल्या त्या दिवशी दवाखान्याच्या बंद शटरसमोर लोक नुसतेच उभे होते. आम्ही संध्याकाळी घरी आलो. शेजारणीने जेवण करून पाठवलं होतं. तिला लाल पुडीची गोष्ट ठाऊक नव्हती, ताटात बांगडा होता.

बाबांनी ताट हलकेच बाजूला सारलं.

"आज नको," ते म्हणाले. "आज पथ्य."