महाबळेश्वरचा खाऊ

आमच्या शाळेत जूनच्या पहिल्या दिवशी मुलांच्या आधी खाऊ हजर होतो. स्टाफरूमच्या लांब टेबलावर जी ती आपल्या सुट्टीचा पुडा उघडून ठेवते. काश्मीरचे अक्रोड, उटीची चॉकलेटं, बँकॉकहून आणलेल्या चिंचेच्या गोळ्या. कोण कुठवर जाऊन आलं ते टेबलच सांगतं. नुसत्या गावी गेलेल्या बाई आपली फणसपोळी सगळ्यात शेवटी, कोपऱ्यात ठेवतात. मी कामोठ्याहून पनवेलच्या या शाळेत शिकवायला येते, आणि माझा पुडा त्या कोपऱ्यात कधी गेला नव्हता. माझा विषय भूगोल आहे. हेही आत्ताच सांगून टाकते, नंतर आणखी जड जाईल.

त्या वर्षी आमचं हिमाचलचं बुकिंग होतं. नवऱ्याची रजा ऐनवेळी नामंजूर झाली. मी शाळेच्या ऑफिसात बसून त्याच्या साहेबाच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा आमच्या क्लार्कताई म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडे या ना चार दिवस. मोऱ्याला." मोरा म्हणजे उरणचं बंदर, जिथून मुंबईला लाँच सुटते. ताई तिथून रोज शाळेत ये-जा करतात. मी हसले. "अहो ताई, मोऱ्याला काय आहे बघायला?" त्यांच्या तोंडावर म्हणाले. त्याही हसल्या. पण घरी मुलीने भुणभुण लावली होती, दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून आम्ही दोघी मायलेकी गेलो.

ताईंच्या आईचं अजून थोडं मिठागर आहे. बाकीचं सगळं गेलं, त्यावर आता कंटेनर उभे आहेत. मातीच्या चौकोनी वाफ्यांत पाणी आटत होतं आणि आई लाकडी फळीने मीठ कडेला ओढत होत्या. मी पाय घातला तर टाचेच्या भेगेत अशी आग झाली की ओरडलेच. 'किनारपट्टीवर मिठागरे आढळतात' हे वाक्य मी किती वर्गांकडून पाठ करून घेतलं असेल! आढळतात म्हणे. संध्याकाळी आम्ही धक्क्यावर पाय सोडून बसायचो. एकदा लाँचने मुंबईला गेलो आणि नुसतं त्याच लाँचने परत आलो, कारण मुलीला फक्त पाण्यावर बसायचं होतं. ताजी मासळी, भाकरी, दुपारची झोप. खरं सांगते, इतकं बरं मला पूर्वी मनालीला गेलो होतो तेव्हाही वाटलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आईंनी विचारलं, "तुमच्या शालंत मॅडम किती?"

"अकरा," मी म्हणाले.

त्यांनी मिठाच्या अकरा पुड्या बांधल्या. कागद चौकोनी फाडून, दोऱ्याने, प्रत्येक पुडी सारखी. "सुकी मासली दिली असती, पन समदी खात नाय ना. मीठ समद्यांना चालतं," म्हणाल्या. मग ताई आत गेल्या आहेत असं बघून हळूच म्हणाल्या, "आमची पोर काय नेत नाय. लाजते. तुमी ठेवल्यावर तिला बरं वाटंल."

मी म्हणाले, "ठेवते ना. नक्की ठेवते."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी त्या पुड्या पिशवीत भरल्या. मग डोळ्यांसमोर ते टेबल आलं. अक्रोड, चॉकलेटं, आणि त्यांच्या शेजारी रद्दीच्या कागदातलं जाडं, मळकट मीठ. मी पिशवी ओट्याखाली ठेवली आणि रिक्षा करून पळस्प्याला गेले. तिथे हायवेच्या दुकानांत घाट न चढताही कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणचा खाऊ मिळतो. स्ट्रॉबेरीची जेली घेतली, खारे चणे घेतले. पाकिटावर महाबळेश्वर छापलेलं आहे ना, तेवढं मात्र दोनदा पाहिलं.

घरी येऊन मुलीला बजावलं, "कुणी विचारलं तर महाबळेश्वर सांगायचं."

ती माझ्याच शाळेत तिसरीत होती. "पण आपण तर बोटीत बसलो," ती म्हणाली.

"तिथेही तळ्यात बोटी असतात."

"आणि मीठ?"

"मिठाचं नाही सांगायचं," मी म्हणाले. भूगोलाच्या बाईंनी आपल्या पोरीला शिकवलेला हा धडा.

सकाळी टेबलाभोवती सगळ्या जमल्या होत्या. मी जेली मधोमध ठेवली. "महाबळेश्वर! काय धुकं होतं, विचारू नका," असं मी न विचारताच सांगत होते. एवढ्यात ताई हजेरीपत्रकं घेऊन आल्या. नवी साडी नेसल्या होत्या. त्यांनी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग परत एकदा पाहिलं. त्या पुड्या शोधताहेत हे मला कळलं, आणि माझे कान तापले.

इतिहासाच्या बाई म्हणाल्या, "ताई, तुम्हाला दाखवले का हिने महाबळेश्वरचे फोटो?"

मला वाटलं, आता संपलं. ताईंनी जेलीचा एक तुकडा उचलला. "हो तर," त्या म्हणाल्या, "मॅडमनी तिथूनच पाठवले होते. छान आलेत." आणि हजेरीपत्रकं वाटून निघून गेल्या.

त्यांनी मला ओरडायला हवं होतं. मी वाट बघत राहिले. वर्षभर त्या माझ्याशी अगदी पहिल्यासारख्या बोलल्या, पगारपत्रक, रजेचे अर्ज, सगळं वेळेवर. मोऱ्याचं नाव फक्त काढलं नाही. त्यांनी आईला काय सांगितलं असेल, ते विचारायचं मला धाडस झालं नाही. पुड्या ओट्याखालीच राहिल्या. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटलं, कागद विरघळला, आणि मी ती पिशवी नवरा घरात नसताना टाकली.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी ठरवलं की हे धुऊन काढायचं. तेही चारचौघींत. मधल्या सुट्टीत ताई स्टाफरूममध्ये आल्या, तेव्हा मी मोठ्याने म्हणाले, "ताई, या मे महिन्यात आम्ही मोऱ्याला येऊ का?"

सगळ्यांनी माना वळवल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "मोऱ्याला? तिथे काय आहे?"

ताई माझ्याकडे बघून हसल्या. त्यात राग नव्हता, असता तर सोपं गेलं असतं. "नको मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्हाला महाबळेश्वर आवडलं होतं ना?"

खरं सांगायला तेवढी जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी सोडली होती. अकरा जणी ऐकत होत्या.

"हो," मी म्हणाले.