आईची ऑर्डर आणि हॉटेलातला स्पीकर

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी जे काही लिहिलं गेलं ते अर्ज होते, आणि तेही कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाकडून लिहून घेतलेले. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं, असा आमच्या वाडीचा समज झाला. तो मी वेळेवर दूर केला नाही. पुढचं सगळं त्यातून घडलं.

माझी आई मंडणगड तालुक्यातल्या आमच्या वाडीच्या अंगणवाडीत मदतनीस. चौदा वर्षं ती घरोघर जाऊन पोरं गोळा करते, खिचडी शिजवते, नाकं पुसते. मी बारावी झालो त्याच्या दुसऱ्या वर्षी तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, माझ्याच वह्या वाचून बारावीची परीक्षा दिली आणि मराठीत माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त आणले. (वह्या माझ्या होत्या, हे मी अजून लोकांना सांगत असतो.) मग सेविकाबाई निवृत्त झाल्या आणि आईने त्या जागेसाठी अर्ज केला. आणखी दोघींचे अर्ज होते. पर्यवेक्षिका मॅडम एक दिवस येऊन आईचं शिकवणं बघणार आणि वर अभिप्राय पाठवणार, असं ठरलं. चौदा वर्षांचं काम एका तासात दाखवायचं होतं.

नेमका त्याच आठवड्यात मुंबईहून स्पीकर आला.

आमच्या वाडीची दोन मंडळं आहेत, एक गावचं आणि एक मुंबईचं. मुंबईचं मंडळ वस्तू पाठवतं आणि गावचं मंडळ आभार मानतं. माझे नामाकाका मुंबईत एका हॉटेलात खोल्या आवरायच्या कामाला आहेत. तिथल्या खोल्यांमधले जुने स्पीकर काढून टाकले, तेव्हा काकांनी मॅनेजरला विचारून एक मागून घेतला आणि मंडळातर्फे अंगणवाडीला पाठवला. काळा, चकचकीत, लांबट. मागच्या बाजूला पितळी पट्टी, तिच्यावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली मंडळाचं नाव. वरच्या बाजूला फोन उभा करायला खाच आणि खाचेत एक रुंद, चपटी पिन. अशा स्पीकरला डॉक म्हणतात, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त “अच्छा, हा होय!” असं म्हणालो होतो.

आईचा विचार साधा होता. गाणी ती तोंडानेच म्हणणार होती, नेहमी म्हणते तशी. पण सेमिस्टरची परीक्षा देऊन मी नुकताच घरी आलो होतो, आणि माझा एक विषय इलेक्ट्रॉनिक्स होता. मी तिला समजावलं की मॅडम शहरातून येणार, त्यांना आधुनिक काहीतरी दिसायला हवं, गाणी माझ्या फोनवरून या स्पीकरवर वाजवू, तू नुसती पोरांकडून हातवारे करून घे.

“तुला जमंल?” आईने विचारलं.

या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ हे होतं. ते देण्याची हीच वेळ होती. मी म्हणालो, “आई, मी सेकंड इयरला आहे.”

पिन होती करंगळीएवढी रुंद आणि माझ्या फोनचं तोंड होतं तांदळाच्या दाण्याएवढं. मी मंडणगडला मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पिनेचा फोटो बराच वेळ पाहिला आणि हे फार जुन्या, महागड्या फोनचं आहे, असं सांगितलं. मग त्याने खोक्याच्या तळातून एक जोड, म्हणजे अडॅप्टर, काढला. तो रुंद पिनेवर बसायचा, पण माझ्या फोनमध्ये जात नव्हता. म्हणून त्याने त्या जोडाला बसणारा दुसरा जोड दिला. आवाज येईल का, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “जोडला जाईल. पुढचं तुम्ही शिकलेले, तुम्ही बघा.” इतकं प्रामाणिक उत्तर मला कुठल्याच दुकानात मिळालेलं नाही. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

घरी येऊन पिनेवर जोड, जोडावर दुसरा जोड आणि त्यावर फोन असा मनोरा रचला. फोन डुलायला लागला, म्हणून त्याच्या पाठीशी अंगणवाडीतले दोन लाकडी ठोकळे लावले. बटण दाबलं. स्पीकरवर निळा दिवा लागला आणि फोनवर चार्जिंगची खूण आली! मी बोटाने गाणं लावलं आणि गाणं वाजलं. आई दोन्ही हात जोडून उभी राहिली. मी लगेच फोटो काढायला गेलो, पण फोन वर अडकलेला, म्हणून शेजारच्यांच्या फोनने फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली ‘जोडणी यशस्वी’. मुंबईहून अंगठ्यांचा पाऊस पडला.

फक्त बाबा पडवीतून म्हणाले, “एवढा मोठा बॉक्स, आवाज बारीक कसा?”

बाबा गवंडीकाम करतात. मी त्यांना ‘क्लिअर साउंड’ म्हणजे काय ते दहा मिनिटं समजावलं. त्यांनी मान हलवली. माझं शिक्षण वाया जाऊ नये म्हणून ते पुष्कळ वेळा अशी मान हलवतात.

मॅडम आल्या तो दिवस सोमवारचा. अठरा पोरं गोलात बसवलेली, सगळ्यांच्या केसांना तेल. स्पीकर टेबलावर, निळा दिवा चालू. मॅडमनी पट पाहिला, वजनाचा तक्ता पाहिला आणि “हं, गाणं होऊ द्या” म्हणाल्या. मी गाणं लावलं. आईने हात वर केले, पोरांनी हात वर केले. मॅडम वहीत काहीतरी लिहायला लागल्या. मला वाटलं, माझंच नाव लिहीत असतील.

तेवढ्यात ओवी नावाची चार वर्षांची पोर नाचता नाचता वायरीत अडकली. स्पीकरची वायर बोर्डातून निघून आली. निळा दिवा विझला.

गाणं चालूच राहिलं.

मॅडमनी स्पीकरकडे पाहिलं, मग जमिनीवर पडलेल्या वायरीकडे पाहिलं. “वीज नसताना वाजतोय,” त्या म्हणाल्या. “चांगला आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीन दिवस त्या स्पीकरने एक शब्द उच्चारला नव्हता. जे काही वाजत होतं ते माझ्या फोनच्या पोटातून वाजत होतं, आणि मुंबईचं मंडळ, गावचं मंडळ आणि सेकंड इयरचा विद्यार्थी असे आम्ही सगळे मिळून एका चार्जरचं कौतुक करत होतो! घाबरून मी फोनला हात घातला. ठोकळे सरकले, मनोरा कोसळला, जोड मोडला, फोन टेबलाखाली गेला आणि बंद पडला. खोलीत अशी शांतता झाली की मागच्या चुलीवर खिचडी रटरटलेली ऐकू आली. मग एक पोर रडायला लागलं. त्याचं बघून दुसरं. अंगणवाडीत रडणं खोकल्यापेक्षा लवकर पसरतं.

मॅडमनी पेन वहीवर टेकवलं. मी टेबलाखाली शिरलो. फोन शोधत होतो असं मी आजवर सांगत आलोय, पण खरं म्हणजे मला आईच्या तोंडाकडे बघायचं नव्हतं. चौदा वर्षं, बारावीची परीक्षा, तेल लावलेली अठरा डोकी, सगळं मी दोन जोडांवर उभं केलं होतं.

आणि आईचा आवाज आला. अगदी शांत, रोज पोरांना बोलावते तसा.

“गप गप. ऐका. टेबलाखाली कोण आलाय बगा. केवढी मोठी कुर्ली!”

रडणं थांबलं. अठरा पोरं वाकून माझ्याकडे बघायला लागली. मी खेकड्यासारखा चार पायांवर होतो, तोंडात मोडका जोड होता. आईने टाळी धरली आणि गायला लागली:

*कुर्ली आली, कुर्ली आली,*
*आडवी आडवी बिळाशी गेली,*
*दोन नांग्या वर केल्या,*
*साऱ्या पोरी पळून गेल्या!*

हे गाणं कुठल्या पुस्तकात नाही. तिने ते तिथल्या तिथे केलं होतं, एकीकडे डोळ्यांनी मला सांगत की आता चाल. मी आडवा चाललो. नांग्या वर केल्या. पोरी किंचाळत पळाल्या आणि हसत परत आल्या. मग आईने विचारलं, कुर्लीला पाय किती? पोरांनी माझे मोजले, चार भरले. मग आईने ओवीला आणि आणखी एकाला माझ्या दोन बाजूंना बसवून आठ पाय पुरे केले आणि मोजून घेतले. नांग्या वेगळ्या मोजून घेतल्या. कुर्ली कुठे राहते, पावसात कुठे दिसते, तिला धरताना बोट कुठे ठेवायचं नाही, सगळं झालं. माझ्या कॉलेजात इतकं नीट शिकवणारं मी कोणी पाहिलेलं नाही, आणि हे मी पाठ दुखत असताना, खालून बघून सांगतोय. दुसऱ्यांदा गाणं झालं तेव्हा मॅडमही टाळ्या वाजवत होत्या. जाताना त्यांनी अंगणवाडीच्या भेटवहीत काहीतरी लिहिलं. वही मिटली आणि निकालाचं न सांगता गेल्या.

संध्याकाळी मी नामाकाकांना फोन करून खरं सांगून टाकलं. काका म्हणाले, “अरे, वरती कशाला फोन ठेवलास? मागं भोक हाय, त्यात वायर घालायची. हॉटेलात पाहुणे तेच करायचे.” आम्ही मागे पाहिलं. भोक सापडेना. बाबांनी पितळी पट्टीवर बोट फिरवलं आणि तिथेच थांबले. मंडळाने ‘सप्रेम भेट’ची पट्टी बरोबर त्या भोकावर बसवली होती, चार स्क्रू मारून. आता मंडळाचं नाव कोण उचकटणार? बाबा म्हणाले, ऱ्हाऊ दे. स्पीकर तेव्हापासून अंगणवाडीत आहे. त्यावर हजेरीची वही ठेवतात.

मी रत्नागिरीला होस्टेलवर परत आलो. सव्वा महिना मी आईला फोनवर जेवणाचं विचारलं, बाबांचं विचारलं, मांजरीचंसुद्धा विचारलं, पण नेमणुकीच्या ऑर्डरचं विचारायचा धीर झाला नाही. तीही बोलली नाही. मग एका दुपारी मी लॅबमध्ये असताना तिचा फोन आला. आई त्या वेळी कधी फोन करत नाही.

“ऑर्डर आली,” ती म्हणाली. “सेविका म्हणून.”

मागे बाबा कोणाला तरी मोठ्याने सांगत होते की बाई आता सेविका झाली, आणि त्यांचा आवाज अजिबात बारीक नव्हता. मग आई म्हणाली की मॅडमनी अंगणवाडीच्या भेटवहीत शेरा लिहून ठेवला होता, तो तिने आज ऑर्डर हातात आल्यावर धीर करून वाचला. मी विचारलं, काय लिहिलंय? तिने एकेक शब्द लावून वाचला, परीक्षेच्या वेळी माझ्या वह्या वाचायची तसा:

“‘परिसरात सहज उपलब्ध असलेल्या बिनखर्चाच्या साधनाचा उत्तम वापर.’”

मी हिशेब मांडला. स्पीकर तर मुंबईहून आलेला. परिसरातलं सहज उपलब्ध म्हणजे मीच. फक्त बिनखर्चाचं हे बरोबर नाही. आईला विचारा, माझ्या कॉलेजची फी ती भरते.