बुवांचा श्वास आणि माझी नवी शेल

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर डोक्यात नुसतं घुमत राहील!

आज संध्याकाळी दहिसरला आमच्या चाळीत डबलबारी आहे, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. एका बाजूला माझे बाबा. त्यांना त्यांच्या गुरूंचा एक गजर गायचाय. ते बुवा गेल्या वर्षी गेले. मागे उरली एक जुनी कॅसेट, ती मी फोनवर घेतलेली. पण बुवा इतके सुसाट गातात की मधे श्वास कुठे घेतात तेच कळेना. बाबांचा दम दर वेळी त्याच ओळीवर तुटायचा.

मी म्हटलं, सूर न बदलता गाणं हळू करणारं झकास सॉफ्टवेअर आहे, आत्ता टाकतो लॅपटॉपवर!

आणि वाट लागली. सॉफ्टवेअर बसवायची स्क्रिप्ट चालवली की लाल एरर. कालच मी माझ्या लिनक्सवर शेल बदललेली ना, म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड वाचते ती. जुनी बॅश बाजूला ठेवून फिश. रंगीत अक्षरं, अर्धं लिहिलं की पुढचं तीच सुचवते, मी फिदा! पण ही स्क्रिप्ट बॅशसाठी लिहिलेली. मग मी एकेक ओळ फिशच्या पद्धतीने बदलत बसलो. एक सुटली की खालची अडायची.

बाबा शेजारी भजनी मंडळाच्या पखवाजाचा घुमारा जुळवायला त्याला कणीक लावत होते. दुपार, ओल्या कणकेचा वास, पडदा आत-बाहेर श्वास घेतोय असा हलत होता.

"अजून जमाक नाय?"

"बाबा, कालपर्यंत सगळं नीट चालायचं ओ!"

"मगे कालचाच काढ. नव्याची मिरवणूक उद्या काढ!"

अरे यार! मूळ स्क्रिप्ट परत उतरवली, नुसतं 'बॅश' टाइप केलं, एंटर. आता बॅशमधून चालवली, तर सरसर बसलं सगळं.

मग बुवा हळू झाले. पाण्याखालून आल्यासारखा आवाज. आणि त्या ओळीवर कळलं, शेवटचा शब्द बुवा गातच नाहीत! तो मागच्या कोरसवर सोडतात आणि तेवढ्यात श्वास घेतात, अगदी बारीक. खोलीत बसून घेतल्यासारखा.

बाबांचा कणकेचा हात तसाच हवेत. मग त्यांनी ओळ म्हटली, शेवटचा शब्द सोडला आणि माझ्याकडे बघितलं. मी उचलला. दम तुटला नाही.

आता टाळ घेऊन निघतोय, कोरसमध्ये तो शब्द माझा आहे. तुमच्याकडे झालंय का असं कधी? गेलेल्या माणसाचा श्वास ऐकलाय तुम्ही?